सतरा नंबरचे बूट

"माझी छत्री तुमच्या डोक्यावर आहे, एवढं तरी लक्षात आलंय का तुमच्या?"

डेलियाने वर पाहिलं. खरंच की! केव्हापासून कोण जाणे, तिच्या डोक्यावर एक निळी छत्री होती आणि छत्रीवाला स्वतः निम्मा भिजत उभा होता. टोपीच्या टोकावरून पाणी ठिबकत होतं, आणि ओठांच्या कोपऱ्यात हसू... अगदी थोडंसं.

"मी मागितली नव्हती," ती म्हणाली.

"मागणारे केव्हाच पळाले. ते बघा."

साउथ डकोटातल्या त्या चिमुकल्या कॉलेजच्या मैदानावरून बाकीचे वीस-बावीस पारखी आपापल्या गाड्यांकडे धावत होते. मार्चचा पाऊस, त्यात बर्फाचे कण. नाक लाल व्हायला दहा मिनिटं पुरत होती. अमेरिकन फुटबॉलच्या मोठमोठ्या संघांनी पाठवलेली ही मंडळी इथल्या एका चपळ पोराला बघायला आली होती. त्याची धाव झाली, घड्याळं थांबली, वह्या मिटल्या. सगळ्यात शेवटी धावला अमोस टकर, दीडशे किलोचा धिप्पाड पोरगा. त्याचं काम धावायचं नव्हतंच; चेंडू फेकणाऱ्या गड्यापुढे, म्हणजे क्वार्टरबॅकपुढे, भिंत होऊन उभं राहायचं, एवढंच. पण धावला तो इतका हळू की मागून कुणीतरी म्हणालं, 'याची वेळ घड्याळात नको, कॅलेंडरात बघा.' झालं, हसत हसत सगळे पांगले.

राहिले हे दोघं. आणि दोघंही बघत होते अमोसच्या पायांकडे.

कारण धाव संपल्यावर पोराने बूट काढून लांब भिरकावले. उसने आणलेले, दोन नंबर लहान बूट! टाचा सोलून निघाल्या होत्या. मग तो अनवाणीच चिखलात उतरला आणि डावीकडे, उजवीकडे, मागे असा सराव करू लागला. बाई गं! एवढं धूड, पण पाऊल वाजत नव्हतं. मांजर स्वयंपाकघरात शिरावं तसा तो त्या चिखलात हलत होता.

डेलियाने छत्रीवाल्याकडे पाहिलं. त्याने तिच्याकडे. आणि दोघंही एकदम खोटं बोलले.

"मी आपली... पाऊस थांबायची वाट बघतेय."

"मी पण. म्हणजे मला—मला पाऊस आवडतो."

शिंकला लगेच. डेलियाला हसू आवरेना.

तो होता मिलो कुचेरा, ओमाहाच्या ड्रोव्हर्स संघाचा पारखी. ती डेलिया होल्मक्विस्ट, ड्यूलूथच्या आइसब्रेकर्सची. डेलियाचं काम दुहेरी होतं. खेळाडू बघायचाच, पण त्याचं मोलही ठरवायचं: किती वर्षांचा करार, किती पगार, त्यातली हमीची रक्कम किती. पगाराची मर्यादा सगळ्या संघांना एकच, आणि तेवढ्यात त्रेपन्न माणसं बसवायची. एकाला जास्त दिलं की दुसऱ्याची खुर्ची गेली. सासरच्या पंगतीत सगळ्यांना जिलबी पुरवण्यासारखं काम, आणि वर कुणी आभार मानत नाही ते वेगळंच.

गावात जेवणाची जागा एकच. तिथे टेबलही एकच रिकामं होतं.

"एक नियम करू," बसता बसता मिलो म्हणाला. "जेवताना खेळाडूंचा विषय नाही. जो कुणा खेळाडूचं नाव काढेल, त्याने समोरच्याच्या एका प्रश्नाचं खरं उत्तर द्यायचं. अगदी खरं."

"आपल्या धंद्यात? खरं?" डेलियाने भुवया उंचावल्या. "फारच कडक शिक्षा आहे हो ही!"

"म्हणून तर."

मग बोलायचं कशावर? तर टोमॅटोच्या सूपवर. त्याच्या आईच्या खसखस भरलेल्या गोड पावांवर, म्हणजे कोलाचीवर. तिच्या गाडीच्या हीटरवर, जो उन्हाळ्यातच चालू व्हायचा. दोन तास कसे गेले ते कळलंच नाही. उठता उठता तो म्हणाला, "तुम्ही सगळ्यांचं मोल करता म्हणे. माझं करा की."

डेलियाने त्याला टोपीपासून बुटांपर्यंत न्याहाळलं. फार सावकाश. त्याचे कान लाल झाले, थंडीने असतील.

"वय चौतीस?"

"तेहेतीस!"

"डावा गुडघा दुखतो, जिना चढताना दिसलं. खोटं बोलता येत नाही. शिंका फार." ती पर्स उचलत म्हणाली, "एका वर्षाचा करार. किमान पगार. हमी शून्य."

"एक वर्ष तरी मिळालं," मिलो म्हणाला, आणि दार उघडून धरलं.

एप्रिलमध्ये संघांनी नवे खेळाडू निवडले. सात फेऱ्या झाल्या, अमोस टकरचं नाव कुणीच घेतलं नाही. उरलेल्यांना फोन करायची मुभा मिळताच डेलियाने त्याला गाठलं. आणखी दोन संघांचे फोन त्याला आधीच येऊन गेले होते, थोडे जास्त पैसेही देत होते. डेलियाने पैशांचं बोलणं शेवटी ठेवलं. तिने पहिलं विचारलं, "अमोस, तुझ्या पायाचं माप काय रे?"

 तो हळूच म्हणाला, "सतरा, मॅडम."

"बूट करवून घेते. तू फक्त ये."

तो आला. आणि ड्यूलूथच्या मुख्य कारभाऱ्याने, रॉय ट्रसकॉटने, त्याला सरावात आठ दिवस पाहिलं आणि लगेच लपवून ठेवलं. हो, लपवून! हा या धंद्यातला जुनाच कावा. चांगला पोरगा सराव सामन्यांत उतरवायचाच नाही, म्हणजे दुसऱ्यांच्या डोळ्यांत भरत नाही.

आणि आपले हे दोघं? ड्यूलूथ ते ओमाहा आठ तासांचा रस्ता. बरोबर मधे आयोवातलं क्लिअर लेक. दर दुसऱ्या रविवारी ती चार तास खाली यायची, तो चार तास वर. तळ्याकाठच्या बाकावर कोलाचीचा डबा मधे ठेवून बसायचे. मे महिन्यात डबा मधे होता. जूनमध्ये तो मांडीवर गेला. जुलैमध्ये डबा कुठे ठेवलाय ते दोघांनाही आठवेना आणि सगळ्या कोलाची मुंग्यांनी खाल्ल्या.

एवढं झालं, पण मनातलं बोलायचं म्हटलं की दोघांच्याही तोंडाला कुलूप. आणि खेळाडूचं नाव? एकदाही नाही. नियम म्हणजे नियम.

फक्त ऑगस्टमध्ये, ओमाहाचा संघ सराव सामन्यासाठी ड्यूलूथला आला तेव्हा, मिलो तिच्याशेजारी कठड्याला टेकून उभा राहिला. मैदानाच्या कडेला अमोस उभा होता, नुसता पाणी पीत.

"छान बूट आहेत," मिलो म्हणाला. "सतरा नंबर?"

 नाव घेतलं नव्हतं त्याने, पण विसरलाही नव्हता!

आणि मग तो मंगळवार उजाडला. ऑगस्टचा शेवटचा मंगळवार: दुपारी तीनच्या आत नव्वदांतून त्रेपन्न ठेवायचे, बाकीच्यांना घरी पाठवायचं. सकाळपासून इमारतीत कुणी मोठ्याने हसत नव्हतं. दारावर टकटक झाली की आतला खेळाडू काय ते समजायचा.

रॉयच्या खोलीत भिंतभर नावांच्या पट्ट्या. त्रेपन्न वर, आणि अमोस खाली.

"रॉय, हे काय?" डेलियाचा आवाज चढला. "आणि तिसरा क्वार्टरबॅक ठेवताय? पस्तीस वर्षांचा? त्याच्या कराराची हमी मार्चमध्येच संपली. त्याला काढलं तर आपल्याला काहीच भुर्दंड नाही. अमोस तीन वर्षं स्वस्तात मिळतोय!"

"अगं, मला दोघंही हवेत." रॉयने खुर्ची मागे रेलली. साठी उलटलेला, पांढऱ्या मिशांचा, गोड बोलून कापणारा माणूस. "अमोसला आज काढायचा. उद्या सकाळी अकरापर्यंत तो सगळ्या संघांपुढे राहील, ज्याला हवा त्याने मागावा. कुणी मागणार नाही, त्याला ओळखतंय कोण? मग त्रेपन्नाबाहेरच्या सराव पथकात परत घेऊ. दोन्ही हातांत लाडू असताना एक खाली का ठेवू?"

"ओमाहाचे दोन गार्ड, अमोसच्याच जागेचे, गेल्या आठवड्यात जायबंदी झाले."

"ओमाहाला हा पोरगा माहीतच नाही."

डेलियाने अमोसच्या पट्टीकडे पाहिलं.  मिलोचं नाव घेतलं तर रॉय विचारणार, तुला कसं ठाऊक? दुसऱ्या संघाच्या पारख्याबरोबर तू रविवारी काय करतेस? नोकरीवरच बेतायचं. आणि नाही बोललं, तर? उद्या मिलोने अमोसला मागितलं तर तिला राग येणार होता. आपला शोध आपल्याच माणसाने उचलून नेल्याचा राग. आणि तिच्याकडे पाहून त्याने मागितलंच नाही तर... ते त्याहून वाईट. मग तो कसला पारखी, आणि कसला मिलो! दोन्हीकडून प्रेमालाच तडा.

भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

"माहीत आहे," ती म्हणाली. "ओमाहात एकाला माहीत आहे. मार्चमध्ये अमोस अनवाणी सराव करत होता ना, तेव्हा मैदानावर आम्ही दोघंच होतो. मी आणि... मिलो कुचेरा."

"ओमाहाचा कुचेरा? तुला सांगितलं त्याने?"

"नाही. आम्ही खेळाडूंवर बोलत नाही."

"आम्ही?" रॉयच्या मिशा हलल्या. "आम्ही म्हणजे?"

आता मागे फिरणं नव्हतं. "मार्चपासून भेटतोय आम्ही. माझं प्रेम आहे त्याच्यावर," डेलिया एका दमात म्हणाली, आणि मग तिलाच धक्का बसला. जे मिलोला पाच महिन्यांत सांगता आलं नाही, ते ती या मिशाळ म्हाताऱ्याला सांगून बसली होती! "पण संघाचं एक अक्षर मी बाहेर नेलेलं नाही. शपथ."

"मग पाच महिने बोलता काय?"

"सूप. हीटर. त्याची आई."

 रॉय पुढे वाकला. "आणि समज आपण अमोसला काढला. तुझ्यासाठी तो सोडून नाही देणार त्याला?"

"सोडला तर मला तो नको," डेलिया म्हणाली. डोळे भरून आले होते, पण आवाज हलला नाही. "तो मागणार, रॉय. कारण त्याची नजर चांगली आहे."

"तुझ्याएवढी?"

"शिंकत नसेल तेव्हा माझ्याएवढी."

रॉय ठो करून हसला. त्या दिवसातलं त्या इमारतीतलं पहिलं हसू. उठला, तिसऱ्या क्वार्टरबॅकची पट्टी खाली काढली आणि अमोस टकरची वर लावली. त्रेपन्न.

"आता पळ," तो म्हणाला. "पोरगा बॅग भरून बसला असेल. आणि कुचेराचा करार कधी संपतो ते बघ जरा. स्वस्तात असेल तर आपणच उचलू."

अमोस खरोखरच बॅग भरून बसला होता, पलंगाच्या काठावर, अनवाणी. दारात डेलियाला बघून त्याचा चेहरा उतरला. बूट त्याने पुसून, नाड्या गुंडाळून शेजारी ठेवले होते.

"हे परत करायचे ना, मॅडम?"

"घाल ते," डेलिया म्हणाली. "चार वाजता सराव आहे तुझा. त्रेपन्नात आहेस तू."

 दीडशे किलोच्या त्या गड्याने एक बूट उचलला, छातीशी धरला आणि तो लहान पोरासारखा हुंदके देऊन रडायला लागला. डेलियाही रडली. मग दोघंही हसली, कारण त्याला घाईघाईत उजवा बूट डाव्या पायात जाईना.

तीन वाजले. याद्या बाहेर पडल्या. तीन वाजून चार मिनिटांनी, ड्यूलूथच्याच तळ्याकडे तोंड करून गाडीत बसून, डेलियाने फोन लावला.

"अमोस टकर," ती म्हणाली.

 मिलोचा आवाज आला, अगदी हळू. "नाव काढलंस तू."

"मुद्दाम."

"अमोस टकर," मिलोही म्हणाला. "घे. माझाही नियम मोडला. तू आधी विचार."

"आम्ही त्याला काढला असता तर मागणार होतास?"

"अर्ज भरून टेबलावर ठेवलाय, डेलिया. पहिलंच नाव त्याचं. सकाळपासून दहादा उचलला, दहादा ठेवला... मागितला तर तू पुन्हा भेटशील की नाही कळेना. पण मागणार होतो. खोटं कसं सांगू?" तो थांबला. "रागावलीस?"

"वेडा आहेस का!" तिला हसू आणि रडू एकदमच आलं. "तुझ्या त्या अर्जावर तर पैज लावून आलेय मी. नोकरीची!"

"म्हणजे?"

"ते नंतर. आता तुझा प्रश्न. खरं उत्तर देणार आहे, नीट विचार कर."

फोनवर त्याचा श्वास ऐकू येत होता. मग एक शिंक. मग पुन्हा श्वास.

"माझा तो करार... एका वर्षाचा, हमी शून्य. मार्चमध्ये संपतोय. पुढे... पुढे काय विचार आहे तुझा?"

समोर तळ्यावर ऊन पडलं होतं. डेलियाने डोळे पुसले.

"तुला कुणाला मागूच द्यायचा नाही, असा विचार आहे," ती म्हणाली. "हमी पूर्ण. मुदत... मुदत घालायचीच नाही, मिलो. प्रेम आहे माझं तुझ्यावर. रॉयलाही सांगून झालंय."

"रॉय ट्रसकॉटला? माझ्याआधी?"

"तो समोर होता ना!"

मिलो इतका हसला की फोन हातातून निसटल्याचा आवाज आला. मग धावत जिना उतरल्याचा, मग गाडीचं दार.

"अरे, निघालास कुठे? उद्या अकरापर्यंत काम आहे ना तुमचं?"

"बाकीची यादी साहेबांच्या हातात देऊन निघतोय. पहिलं नाव तर तूच ठेवून घेतलंस," तो धापा टाकत म्हणाला. "आता माझी सही तेवढी राहिलीये. आठ तास... थांबशील ना?"

"क्लिअर लेकला ये," डेलियाने गाडी सुरू केली, आणि ऑगस्टच्या उन्हात हीटर भसकन चालू झाला. "चार तास तुझे, चार माझे."