शंभरातल्या ऐंशी

सुईआधी लेबल, हा तिचा नियम. नाव विचारायचं, चिठ्ठी चिकटवायची, मगच दंडाला पट्टा. किडनी बदलण्याआधी रक्त जुळवून पाहणाऱ्या त्या लॅबमध्ये तंत्रज्ञ म्हणून नऊ वर्षांत तिच्या हातून एकही नळी इकडची तिकडे झाली नव्हती.

त्या सकाळी खुर्चीत सासूबाई होत्या, किडनी देणाऱ्या. बाकावर सून, घेणारी. पाय सुजलेले, मांडीवर चार वर्षांची लेक झोपलेली. नवऱ्याचा रक्तगट जुळत नव्हता, माहेरी कोणी उरलं नव्हतं. सासूबाईंचीही पहिली चाचणी फसली होती. सुनेच्या रक्ताने त्यांच्या झाडून सगळ्या पेशी मारल्या होत्या.

"मूल पोटात असताना आईच्या रक्तात कधीकधी बापाकडच्या पेशींविरुद्ध हत्यारं तयार होतात," तिने समजावलं होतं. "आणि बापाच्या निम्म्या खुणा तुमच्याच."

"सात वर्षं तोंडाने गप्प," सासूबाई म्हणाल्या, "आणि आतून हत्यारं परजत होतीस होय गं?"

"नातवंड हवं म्हणून मागे कोण लागलं होतं, आई?" सून हसली. हसतानाही तिला धाप लागली.

पंधरा दिवस औषधं देऊन ती हत्यारं कमी केली होती. आज जुळलं तर ऑपरेशन, नाहीतर दुसरा दाता मिळेपर्यंत वाट पाहायची. तेवढे दिवस सुनेच्या अंगात नव्हते.

नळी भरली. रक्त गोठू नये म्हणून ती हलकेच खालीवर करायची असते. "आण, मी करते," म्हणत सासूबाईंनी ती घेतली, ओठांशी नेली आणि पोराला परक्या घरी पाठवताना बजावावं तशा पुटपुटल्या, "शहाण्यासारखं राहायचं. ती कितीही रागावली तरी मरायचं नाही."

नळी परत घेताना ती मनातल्या मनात हसली. माणसं घाबरली की काहीही बोलतात.

तबकडीच्या बारीक खळग्यांत सासूबाईंच्या पेशींवर सुनेचं रक्त घालून तासाभराने तिने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. मेलेली पेशी रंग पिऊन काळी पडते, जिवंत चमकते. सुनेच्या रक्ताचे सगळे खळगे चमकत होते. तिने सुटकेचा निःश्वास सोडला आणि शेवटचा खळगा पाहिला. त्यात मुद्दाम जहाल द्रव घालतात, कुणाच्याही पेशी मारणारा. चाचणी नीट झाल्याची तेवढीच खूण.

तिथेही सगळ्या जिवंत.

तिने द्रवाची नवी बाटली फोडली. तेच. मग स्वतःचं रक्त काढलं, पेशी वेगळ्या केल्या, त्याच द्रवात घातल्या. तिच्या सगळ्या काळ्या पडल्या. शेजारच्या खळग्यात सासूबाईंच्या लखलखत होत्या, निवांत, जणू काही झालंच नाही. कितीतरी वेळ तिला तिथून डोळा काढवेना.

पण नियम तो नियम. ती बाहेर आली.

"पुन्हा रक्त लागेल. एका खळग्यात पेशी मरायलाच हव्या होत्या. तिथे मेल्याशिवाय बाकीच्या जगल्या असं मला लिहिता येत नाही."

सासूबाई ओशाळल्या. "माझंच चुकलं. मी सरसकट सगळ्यांनाच सांगितलं." मग त्यांनी विचारलं, "किती मरायला हव्यात?"

"शंभरात ऐंशी तरी," सवयीने ती बोलून गेली.

या वेळी नळी बराच वेळ त्यांच्या मुठीत राहिली. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मागून घ्यायचं तिला धाडस झालं नाही.

दुपारी तिने पाहिलं. सुनेच्या खळग्यांत सगळ्या जिवंत.

शेवटच्या खळग्यात तिने शंभर मोजल्या. ऐंशी काळ्या.

दुसऱ्या कोपऱ्यात शंभर. ऐंशी.

नवी तबकडी. ऐंशी.

तिने 'जुळतं' असं लिहिलं. खाली सही केली.

बाहेर येऊन तिने सांगितलं, तशी सुनेने लेकीला उराशी धरून हुंदका दिला. सासूबाई तिकडे बघत नव्हत्या. त्या उठून अहवाल हातात धरलेल्या तिच्याजवळ आल्या, डोळे रडून लाल झालेले.

"पुरल्या ना गं?"

तिने मान हलवली.

"मरायला सगळ्याच निघाल्या होत्या," सासूबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "वीस जणींना मीच मागे ओढलं."