दार नीट लागलं का

जी गाडी कुठे जातच नाही, ती दमते कशी? दहा वर्षांच्या मुक्ताला हे कोडं सुटत नव्हतं.

साल २०५१. पेट्रोलची गाडी बाळगणारी माणसं सांगलीत दोनच प्रकारची उरली होती, हौशी आणि हट्टी. मुक्ताचे बाबा दुसऱ्या प्रकारातले. दर रविवारी ते गाडी पुसत, काचेपाशी जास्वंद ठेवत आणि ती चालू करत. मग स्पीकरमधून आई म्हणे, "अहो, दार नीट लागलं का बघा." हा आवाज आईनंच हौसेनं गाडीत भरला होता. तिला जाऊन वर्ष झालं होतं. बाबा दार उघडून पुन्हा लावत आणि गाडी बंद करत. एवढीच पूजा.

हल्ली गाडी कण्हत चालू होई. सोसायटीचा नियम स्पष्ट होता, बंद पडलेली गाडी भंगारात. दुःखासाठी पार्किंगची वेगळी तरतूद नव्हती.

मुक्तानं दुरुस्ती-रोबो वामनला बोलावलं. कमिटीनं तो एका मंगल कार्यालयाकडून स्वस्तात घेतला होता.

"या, बसा, जेवूनच जायचं," वामन सवयीनं म्हणाला. सगळं ऐकून त्यानं विचारलं, "आवाज मोबाईलमध्ये घेऊन ठेवू?"

"मोबाईलला दार नसतं," बाबा म्हणाले.

वामननं मल्टिमीटरची (वीज मोजायच्या यंत्राची) लाल तार बॅटरीच्या अधिक खुणेला लावली, काळी उणे खुणेला. "व्होल्टेज (विजेचा दाब) बारा पूर्णांक एक. भरलेली बॅटरी इंजिन बंद असताना साडेबाराच्या वर दाखवते. ही जवळजवळ अर्धी रिकामी आहे. आता चालू करा."

इंजिन कण्हलं, मग सुरू झालं. आई बोलली. बाबांचा हात किल्लीकडे गेला.

"थांबा ना बाबा! आकडा बघू दे."

आकडा चढत चढत चौदा पूर्णांक दोनवर थांबला.

"जास्त झाला का रे?" मुक्तानं वामनला विचारलं.

"नाही. बॅटरीत वीज ढकलायची तर तिच्यापेक्षा जास्त दाब लागतो. तो अल्टरनेटर (इंजिनाच्या जोरावर वीज तयार करणारं यंत्र) देतो. पावणेचौदा ते साडेचौदा म्हणजे ठीक. तेराच्या खाली असेल तर बॅटरी भरत नाही, पंधराच्या वर गेला तर ती शिजते. तुमचं चार्जिंग छान आहे."

"मग ती दमते कशानं?"

"चालू होताना गाडी बॅटरीतून मोठा घोट घेते. तो भरून यायला बराच वेळ चालावं लागतं. तुम्ही किती वेळ चालू ठेवता?"

बाबा काच पुसू लागले.

"आईचं वाक्य संपेपर्यंत," मुक्ता म्हणाली.

यावर काय बोलायचं, ते मंगल कार्यालयात वामनला कुणी शिकवलं नव्हतं. त्यानं तारा काढल्या आणि बॉनेट हळूच लावलं.

"बाबा, आई दाराचं का विचारायची? कुठेतरी निघायचं असायचं म्हणूनच ना?"

मुक्ता शेजारच्या सीटवर जाऊन बसली. वर्षभर तिथे कुणी बसलं नव्हतं. बाबांनी तिच्या बाजूचं दार उघडून पुन्हा लावलं, नीट. मग चष्मा पुसला. चष्मा स्वच्छच होता.

गाडी फाटकाबाहेर पडली.

"कुठे जायचं?" त्यांनी विचारलं.

"बॅटरी भरेपर्यंत."