पंधरावा चौकोन

तो औषधांच्या दुकानात शिरला तेव्हा त्याच्या गळ्यात मोजपट्टी होती, कडेवर तापाने लालबुंद झालेली चार वर्षांची मुलगी होती आणि ओठांत दोन टाचण्या होत्या.

"आधी त्या टाचण्या काढा," ती काउंटरमागून म्हणाली. "पोरीला ताप कमी आहे का, त्यात तुमच्या टाचण्या…"

त्याने टाचण्या काढून कॉलरला टोचल्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी पुढे केली. कान लाल झाले होते. ताप मुलीला होता, तरी.

"माझी भाची. बटण म्हणतो आम्ही हिला. ताई आठवडाभर कामासाठी बाहेरगावी गेलीय आणि ही आज सकाळी बघतो तर…"

"वजन किती हिचं?"

लहान मुलाचं अँटिबायोटिक द्यायचं तर वजन विचारल्याशिवाय बाटलीला हात लावायचा नाही, हा तिचा नियम. डॉक्टर मात्रा वजनावरून लिहितात. आपण ती एकदा ताडून बघायची. गेली चार वर्षं आत्याच्या या दुकानात तिने हा नियम एकदाही मोडला नव्हता.

"वजन…" तो गोंधळला. "छाती बावीस, उंची चाळीस."

"मी फ्रॉक नाही शिवत हिला."

गल्ल्यावर बसलेली आत्या खुदकन हसली. बटणला काट्यावर उभं केलं. साडेपंधरा किलो. आधी कुठल्या औषधाने अंगावर पुरळ आलं होतं का, हेही तिने विचारलं. नव्हतं आलं, ताईला फोन करून तो खात्री करून आला होता. मात्रा बरोबर होती. पाच मिली, सकाळी आठला, रात्री आठला, सात दिवस.

बाटलीत नुसती पावडर होती. तिने उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत ओतलं, बाटली खळाखळा हलवली. पातळी खाली गेली.

"अरेच्चा," तो म्हणाला, "धुतल्यावर आटलं."

तिला हसू फुटलं. चांगलं मोठ्याने. कामाच्या वेळी ती सहसा हसत नसे, त्यामुळे तिचं तिलाच कसंतरी झालं. पुन्हा खुणेपर्यंत पाणी भरून तिने झाकण घट्ट लावलं.

"फ्रिजमध्ये ठेवायचं, दर वेळी हलवायचं आणि या मापानेच द्यायचं."

"घरचा चमचा नाही चालणार?"

"तुम्ही गिऱ्हाइकाचं माप वितीने घेता?"

"नाही," तो म्हणाला आणि तिच्याकडे बघतच राहिला, "पण नजरेने घेतो कधीकधी."

तिने मान खाली घातली आणि पिशवीत माप टाकलं. बाटली टाकली. तो गेला.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. "बटणने अर्धं औषध थुंकलं. आता पुन्हा पूर्ण देऊ?"

"अंदाजाने काही देऊ नका. डॉक्टरांना फोन करा. आणि पुढच्या वेळी गालाच्या कडेने थोडं थोडं सोडा."

तिसऱ्या दिवशीही स्वारी हजर. "ताप उतरलाय. सकाळपासून माझ्या खडूंनी भिंती रंगवतेय. आता औषध बंद…?"

"मुळीच नाही! बरं वाटतंय म्हणून मधेच थांबवलं तर आतले चिवट जंतू पुन्हा डोकं वर काढतील. डॉक्टरांनी सात दिवस लिहिलेत ना? मग सात दिवस."

"बरं… सात दिवस," तो म्हणाला. गेला मात्र नाही. शेवटी आत्यानेच विचारलं, "आणखी काही? की उद्यासाठी ठेवलंय?" तेव्हा तो जो पळाला, तो चौथ्या दिवशी आलाच नाही. पाचव्याही दिवशी नाही.

आपण दाराकडे का बघतोय, हे तिला कळेना. बरं आहे की, पोरगी बरी झाली. मग चिडचिड कसली?

सहाव्या दिवशी दुपारी एक बाई अगदी तशीच चिठ्ठी घेऊन आल्या. तेच औषध, तेच सात दिवस. तिच्या हातांनी सवयीने दोन बाटल्या काढल्या, एकीत पाणी भरायला घेतलं, दुसरी, पहिली संपल्यावर कालवायची म्हणून, कोरी ठेवायला… आणि हात थांबला.

दोन बाटल्या. बाटली साठ मिलीची. दिवसाला दहा. साठ म्हणजे सहाच दिवस.

त्याला एकच दिली होती.

चार वर्षांत एक चूक नाही, आणि ही? हसण्याच्या नादात? की… मनातल्या मनात त्याने परत यावं असं वाटत होतं, म्हणून हात आखडला? छे! एका लेकराच्या औषधात असं कोण करेल? पण मग विसरले कशी? आज रात्री बाटली संपेल. सात दिवस म्हणून आपणच बजावलं आणि औषध दिलं सहाच दिवसांचं! तो समजेल, संपलं, झालं. फोन नंबरही घेतला नव्हता.

बाईंना नीट समजावून पाठवलं आणि कोरी बाटली पर्समध्ये टाकून ती निघाली.

"कुठे गं?" आत्या म्हणाली.

"शिंप्याकडे."

"बाई बाई! इतक्यात?"

पहिल्या शिंप्याने तिला पडद्याचं कापड दाखवलं. दुसऱ्याने ब्लाउजचे गळे. तिसऱ्या दुकानात, कापायच्या टेबलाखाली, चिंध्यांच्या ढिगात बटण बसली होती.

"मामा! औषधवाली आली!"

मशीन थांबलं. तो उभा राहिला आणि कात्री खाली पडली.

"माझी चूक झाली," ती धापा टाकत म्हणाली. "एक बाटली कमी दिली तुम्हाला. उद्याच्या दोन मात्रा…"

बोलता बोलता तिची नजर भिंतीवर गेली. खडूने आखलेले चौदा चौकोन, मात्रेगणिक एक, अगदी सरळ रेषेत. अकरांवर फुल्या. आणि बाजूच्या फळीवर, दोऱ्यांच्या रिळांमध्ये, तीच बाटली. कोरी, सीलबंद.

"ही कुठून आणली?"

"पलीकडच्या चौकातून. चिठ्ठी दाखवून." तो घुटमळला. "पहिल्याच दिवशी. कापड कमी पडणार असलं की शिंप्याला आधीच कळतं हो."

"दुसऱ्या दुकानात गेलात तुम्ही?" आवाज केवढा तरी चढला. मग तिच्या लक्षात आलं, चिडायची गोष्ट ही नव्हती. "म्हणजे… मला सांगितलं का नाही?"

"तुम्ही इतकं मापात काम करता. म्हटलं, चूक दाखवली तर तुम्ही पुन्हा हसणार नाही. आणि दुसरी बाटली मिळाली की मला परत यायला कारण काय राहिलं असतं? पण तिचं औषध चुकायला नको, म्हणून ही आणून ठेवली. मग रोज एक प्रश्न शोधत होतो. तिसऱ्या दिवशी आत्यांनी पकडलं. त्यानंतर… प्रश्नच संपले."

तिला रडू येत होतं की हसू, कुणास ठाऊक. "माझा जीव टांगणीला लागला होता. आणि ती चूक… ती नक्की चूकच होती का, हेही मला सांगता येत नाही. असं कधी झालं नव्हतं माझं."

"माझंही," तो हळूच म्हणाला. "सकाळी एका सदऱ्याला तीन बाह्या कापल्या."

बटण आळीपाळीने दोघांकडे बघत होती. औषधवाली पुढे झाली, टेबलावरचा खडू उचलला आणि चौदाव्या चौकोनाशेजारी आणखी एक आखला. तो जरा वाकडाच आला.

"अजून एक?" बटणने भोकाड पसरलं. "मी नाही घेणार!"

"हा तुझा नाही, राणी. तुझे चौदा झाले की तू सुटलीस. हा मामाचा."

तो चौकोनाजवळ आला. "किती वाजता?"

"परवा. संध्याकाळी सातला."

"जेवणाआधी की जेवणानंतर?"

"उपाशीच या," ती म्हणाली. "मीही जेवून येणार नाही. आणि चुकवायचा नाही."