डाव्या बाजूचे ठोसे

बॉक्सिंगच्या सकाळच्या सरावात केतकी तायडेने उजव्या हाताचा हुक खालून वर नेला आणि तो समोरच्या डाव्या गालावर बसला. हा सलग नववा होता.

समोर 'जोड' उभी होती. कुस्तीत बरोबरीच्या पैलवानाला म्हणतात ते हे नाव प्रशिक्षक डोंगरे सरांनी यंत्राला दिलं होतं. केतकीएवढ्या उंचीचं, रबरी कातडीचं ते यंत्र दोन पायांवर हलायचं. एखादीच्या लढतींचं चित्रण दाखवलं, की ते तिच्यासारखं खेळू लागे. देशातल्या अकरा हॉलमध्ये अशी यंत्रं होती आणि सगळ्यांना तीच चित्रणं मिळत. सोमवारी अंगावर घुसणारी, मंगळवारी लांबून टोचणारी, बुधवारी उजवा पाय पुढे ठेवणारी डावखुरी. दीड वर्षात अकोल्याच्या या हॉलमध्येच केतकी चाळीस जणींशी खेळली होती. तिचा खेळ सुधारला होता. फक्त ठोसा लागला की पूर्वी राग यायचा, तो आता येत नसे. लागल्याची नोंद तेवढी डोक्यात होई.

या आठवड्यात जोड लालरिनपुईची होती, ऐझॉलच्या डावखुऱ्या मुलीची. शनिवारी निवड चाचणीची अंतिम लढत तिच्याशीच होती. जिंकेल ती आशियाई स्पर्धेला जाणार. केतकी अठ्ठावीस वर्षांची होती. पुढची स्पर्धा चार वर्षांनी.

"थांब," डोंगरे सर म्हणाले. "मुबीना, तुझं यंत्र झोपलं का वं? नऊ खाल्ले त्यानं."

यंत्राची देखभाल मुबीना शेख करायची. "कालच कॅमेरा बदललाय, सर. परवाही बदलला होता."

"मग आता माझा चष्मा लाव त्याला."

मुबीना हसली नाही. तिने दुसऱ्या एका डावखुऱ्या मुलीचा खेळ यंत्रात भरला. केतकीने तेच नऊ ठोसे मारले, आठ अडले. पुन्हा लालरिनपुई भरली. पुन्हा सगळे लागले.

मग मुबीना दुपारपर्यंत चित्रणं बघत बसली. केतकी जेवून परत आली, तेव्हा सरही पडद्यासमोर उभे होते.

"लालरिनपुईच्या एकतीस लढती आहेत," मुबीना म्हणाली. "पहिल्या बावीसमध्ये डावीकडून, खालून येणाऱ्या ठोशाला ती सेकंदाच्या पाचव्या भागात उत्तर देते. शेवटच्या नऊमध्ये उत्तरच नाही. यंत्र बिघडलेलं नव्हतं. ते तिचीच नक्कल करत होतं."

"हात खाली टाकायची सवय लागली असंल," सर म्हणाले. "मी हजार पोरी पाहिल्या तशा."

"सवय असती तर ठोसा येताना पापणी तरी मिटली असती. त्या बाजूला पापणीसुद्धा मिटत नाही तिची."

"डाव्या डोळ्याचा पडदा सुटत चालला असावा," मुबीना म्हणाली. "मी डॉक्टर नाही. पण तसं असेल, तर त्या बाजूला आणखी काही ठोसे बसले की डोळा जाऊ शकतो. वेळेत कळलं तर वाचतो."

"तपासणी होते ना आमची?" केतकीने विचारलं.

"समोरची अक्षरं वाचायला लावतात. बाजूचं कोण विचारतं?"

सर खुर्चीत बसले. "हे पाह्य, केतकी. शनिवारी तुझा उजवा हात तिथंच जाईन. तू नाही म्हटलं तरी जाईन, इतका घोटला आहे आपण. अन् आता सांगितलं, तर लोक म्हणतीन, पोरीला भेव दाखवून पळवलं." त्यांनी चष्मा काढला. "मी काही सांगत नाही तुला. मले सांगताच येत नाही."

केतकीने स्वतःला तपासलं. आनंद झाला होता का? नाही. वाईट वाटलं होतं का? तेही नीट सापडेना. फक्त उजवी मूठ आपोआप वळली होती.

गेल्या वर्षीच्या शिबिरात ती आणि लालरिनपुई एका खोलीत राहिल्या होत्या. केतकीने बाहेर पायरीवर बसून तिला फोन लावला. बोलणं हिंदीतच झालं.

"दीदी? शनिवारच्या आधी फोन? घाबरलीस?"

"पुई, फोन स्पीकरवर टाकून खाली ठेव. उजवा डोळा झाक. समोर बघ. आता डावीकडे, कमरेपाशी बोटं हलव."

"ही कसली नवी चाल?"

"चाल समज हवं तर. पण कर."

फोनवर पंख्याचा आवाज ऐकू येत राहिला.

"बोटं दिसत नाहीत," लालरिनपुई म्हणाली. आवाजातली थट्टा गेली होती. "वर आणली की दिसतात. तुला कसं कळलं?"

केतकीने सांगितलं. जोड, नऊ लढती, पापणी. "आजच डॉक्टरकडे जा. शनिवारचं नंतर बघू."

"नंतर काय बघायचं? तू जाशील."

"हो. बहुतेक मीच जाईन."

ती रडेल असं केतकीला वाटलं. पण पुढचा प्रश्न अगदी सावकाश आला.

"माझी जोड किती ठिकाणी आहे?"

"अकरा हॉलमध्ये."

"म्हणजे अकरा ठिकाणी मुली त्याच बाजूला मारत असतील. मशीन खराब आहे म्हणत असतील, नाहीतर खूश होत असतील." मग ती म्हणाली, "आणि दीदी, तुझी जोडही असेलच ना कुठेतरी? तिला कधी विचारलंस, तुझं काय काय बंद झालंय?"