अकराशे सेहेचाळीस विटा

ओव्हरसिअरसाहेबांनी गल्लीतल्या एकेका विटेवर खडूने आकडा घातला, तेव्हा नगरपालिकेतले लोक हसले. सातच्या आकड्याला लांबलचक शेपूट काढायची साहेबांची खोड, त्यावरही हसले. पण अटच तशी होती. विटा उचलायच्या, पाइप टाकायचा आणि आधी काढून ठेवलेल्या फोटोत होत्या तश्शा परत बसवायच्या. एक जरी वीट इकडची तिकडे झाली तर उद्या डांबर. नगराध्यक्षांनी रोलर आधीच कोपऱ्यावर आणून उभा केला होता.

साहेबांचा जीव टांगणीला लागला होता तो ताईपायी. ही त्यांची थोरली बहीण, दोन्ही डोळ्यांनी आंधळी. नळापाशी खचलेली वीट, पुढे खट्ट वाजणारी, मग आपलं दुकान, अशी पायांनी गल्ली वाचत ती रोज एकटी जायची. कोपऱ्यापलीकडच्या गल्लीवर वीस वर्षांपूर्वी डांबर पडलं, तेव्हापासून तिकडे तिने पाऊल टाकलं नव्हतं.

अकराशे सेहेचाळीस विटा उचलून कडेला रचल्या. पाइप पडला. साहेब आणि गवंडी डबा खायला बसले आणि तेवढ्यात पाण्याचा टँकर येऊन सगळा ढीग लख्ख धुऊन गेला. धुळीची तक्रार होती म्हणे. तक्रार साहेबांचीच होती, तीन वर्षांपूर्वीची. कारवाईला आजचाच मुहूर्त सापडला.

एकाही विटेवर आकडा उरला नाही. चारला पाहणी होती.

"आता हो?" गवंडी म्हणाला.

"आता काय. हाताला येईल ती लाव."

साहेबांनी पहिली वीट टेकवली. चपखल बसली. दुसरीही बसली. विटा पाण्याने निथळत होत्या, तरी हाताला कोमट लागत होत्या. गवंड्याने मुद्दाम एक भलतीकडे घालून पाहिली, तर ती बोटभर मोठी भरली. तीच साहेबांच्या पुढ्यातल्या खाचेत गुपचूप जाऊन बसली. त्यानंतर गवंडी मान खाली घालून नुसता हात चालवत राहिला.

साडेतीनला काम संपलं. वीट उरली नाही, कमी पडली नाही. फोटोशी ताडून पाहिलं, तर कुत्र्याचा पंजा उमटलेली वीटसुद्धा जागच्या जागी.

नगराध्यक्षांनी ओणवं होऊन भिंगातून पाहिलं, तोंड पाडून सही केली आणि रोलर परत धाडला. साहेबांनी असा श्वास सोडला की शर्टाचं बटण तुटून उडालं.

मग ताई काठी घेऊन निघाली. साहेब मागोमाग.

खचलेली वीट. खट्ट. दुकान.

"आल्या सगळ्या घरी," ती हसून म्हणाली. पण थांबली नाही.

"ताई, पुढे डांबर आहे."

"असू दे की. खाली आहेतच त्या."

कोपरा ओलांडून ती डांबरावर उतरली. काठी टेकली.

खट्ट.

साहेबांनी वाकून पाहिलं. काळ्या डांबरावर, ओल्या खडूने, आकडा होता. ११४७.

सातला लांबलचक शेपूट.