पाणी नसलेली टाकी

शलाका निमकरची वेधशाळा तळेगावातल्या रो-हाउस सोसायटीत, तिच्या परसात होती. घुमट म्हणजे पाण्याची काळी टाकी, उलटी घातलेली आणि मधोमध चिरलेली. सोसायटीच्या नोटिशीत तिचा उल्लेख ‘पाणी नसलेली अनधिकृत टाकी’ असा होता. ती पाडण्याचा ठराव रविवारच्या सभेत येणार होता.

शुक्रवारी संध्याकाळी साडेसातला शलाका आणि तिच्या निवृत्त प्राध्यापक हुद्दार मॅडम गुडघे पोटाशी घेऊन टाकीत बसल्या होत्या. समोर पडद्यावर दुर्बिणीतून येणारं एका नव्या तेजोमेघाचं थेट चित्र. अंतर तीन प्रकाशवर्षं, रंग पिवळा. शिवाय तो लुकलुकत होता, जे तेजोमेघाला शोभत नाही.

“वर्णपट सोडियमचा आहे,” मॅडम म्हणाल्या. “रस्त्यावरच्या दिव्याचा असतो तसा. हा मेघ स्वतः प्रकाशत नाहीये. अंगावर पडलेला प्रकाश तो हजारो पटींनी वाढवतोय आणि आल्या वाटेनेच परत पाठवतोय. उलटपावली परावर्तन म्हणू या. म्हणून तो फक्त याच परसातून दिसतो.”

“म्हणजे आपल्याकडचाच दिवा?”

“सहा वर्षांपूर्वीचा. तीन जायला, तीन यायला.”

शलाकाने लुकलुक मोजली. तीन झटके, मोठा खंड, दोन झटके, मग थरथर. तिने टाकीच्या फटीतून बाहेर पाहिलं. गेटवरचा दिवा नेमकं तेच करत होता.

त्या दिव्याचं तोंड आकाशाकडे होतं. ते खाली वळवा आणि लूज कनेक्शन दुरुस्त करा, असं शलाका सहा वर्षं सांगत होती. सेक्रेटरी गडनीसकाका सहा वर्षं “उद्या करतो” म्हणत होते.

रविवारच्या सभेत काका म्हणाले, की दिवा कालच बिघडला. शलाकाने प्रोजेक्टरने भिंतीवर आकाश लावलं. काकांनी सहा वर्षांपूर्वीची लुकलुक पाहिली आणि दिवा आत्ताच बंद करायचं मान्य केलं. तक्रार मिटली, तेव्हा टाकीही आजच काढ, म्हणाले.

“टाकी निघणार नाही,” शलाका म्हणाली. ती गेटवर गेली आणि पाच मिनिटं दिव्याचं बटण दाबत राहिली. कट्ट, कडकट्ट, तारखात्याच्या जुन्या लिपीत. मग दिवा कायमचा बंद केला.

“काय पाठवलंस?” काकांनी विचारलं.

“तुमच्याबद्दल आहे. हजारो पटींनी मोठं होऊन सहा वर्षांनी येईल. फक्त या टाकीतून दिसेल.”

टाकी सहा वर्षं जागची हलवू नये, असा ठराव काकांनीच मांडला. तो एकमताने मंजूर झाला. खुर्च्या उचलताना ते हळूच म्हणाले, “पण बाई, लिहिलंयस काय ते तरी सांग.”

“उद्या सांगते,” शलाका म्हणाली.