जोडीचा नियम

मंगळवारच्या बाजारात लारूला एक पुरुष आवडला.

म्हणजे, पाठमोराच दिसला तो. बर्फाळ पाऊस तिरपा मारत होता, कोर्चा ह्या परक्या, डोंगराळ गावाच्या जुन्या बाजारातले निम्मे लोक आवराआवर करत होते, आणि हा उंच, किंचित वाकलेला गृहस्थ दोन्ही हात वर करून एका म्हातारीच्या कांदापातीवर ताडपत्री धरून उभा होता. खांब मोडला असावा. पाणी त्याच्या बाह्यांतून आत चाललं होतं, आणि तो मात्र मोडक्यातोडक्या बोलीत काहीतरी सांगून म्हातारीला हसवत होता. लारूच्या मनात आलं, किती गोड माणूस! कुणाच्या नशिबी असेल...

मग त्या गोड माणसाने मान वळवली आणि तो तिचाच नवरा निघाला. ज्याला ती औषधांच्या दुकानापाशी 'इथून हलू नकोस' असं बजावून गेली होती.

"डेल्मर!"

"अरे वा, आलीस? बघ ना, हिचा खांब—"

"खांब दिसतोय मला. तुझं गळकं नाकही दिसतंय. सोड ते."

"सोडलं तर माल भिजेल बिचारीचा."

"कांदापात पावसात भिजली तर काय होतं रे? शेतकरी ना तू?"

"म्हणून तर." तो हसला. "ते टोक धर जरा. हिचा नवरा दोरी आणायला गेलाय."

"कधी?"

"झाला असेल... अर्धा तास."

लारूने टोक धरलं. दुसरं काय करणार? गार पाणी थेट काखेपर्यंत उतरलं. ताडपत्रीखालून डेल्मरने तिच्याकडे बघून डोळा मिचकावला. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने, छातीवर चर्चची काळी नावपट्टी लावून, भर बाजारात! तिने नजर फिरवली. कान मात्र गरम झाले.

दोन आठवड्यांनी ईस्टर झाला की चर्चसाठी परदेशात चाललेली त्यांची सेवा संपणार होती. मग आयडाहो, घर, साखरबीटची शेतं. सुटका! असं ती निदान म्हणत तरी होती.

चर्चचा नियम असा, की सेवेला आलेल्याने एकटं राहायचं नाही; जोडीदार कायम जवळ हवा. नियम खरा विशीतल्या पोरांसाठी. म्हाताऱ्या जोडप्यांना कोण विचारतं? पण डेल्मरने तो उराशी धरला होता. ती पावाला निघाली की हा बूट घालणार. ती न्हाणीघरात गेली की हा दाराबाहेर गुणगुणत उभा.

"दीड वर्ष, व्हासिलिका! आणि दोन खोल्या!" दुपारी ओले मोजे शेगडीवर टाकत लारू घरमालकिणीपुढे करवादली. व्हासिलिका खालच्या मजल्यावर राहायची; वरून डेल्मरचं गुणगुणणं ऐकू येत होतं. लारूच्या चर्चला कॉफी वर्ज्य, आणि कॉफी न पिणारा पाहुणा म्हणजे व्हासिलिकाच्या मते अर्धा आजारी. म्हणून लारूसाठी ती निमूटपणे डोंगरी वनस्पतीचा चहा उकळायची. "मी कांदा चिरते, हा शेजारी उभा. 'पातळ चीर' म्हणे! जन्मात कधी कांदा चिरला नाही ह्याने!"

"माझा बाबा बावीस वर्षं ग्रीसमध्ये कामाला होता," व्हासिलिका म्हणाली. "वर्षातून एकदा यायचा. बदलून हवाय?"

"तूच ने माझा. दोन दिवस तरी."

"आणि तिकडे घरी गेल्यावर गं? तिथेही असाच मागे मागे का?"

लारूने कप उचलला. चहा पोळल्यासारखं करून फुंकत बसली.

तिथे? तिथे तो पहाटे उठायचा, हातात बूट घेऊन पायऱ्या उतरायचा — तिची झोप मोडू नये म्हणून! — आणि अंधार पडल्यावर मातीने माखून परतायचा. एकाच छपराखाली सेहेचाळीस वर्षं. मुलं झाली, मोठी झाली, पांगली. भांडण कधी झालं नाही. भांडायला माणूस समोर तर हवा! तो बटाटे सोलताना गातो, दाताच्या डॉक्टरला घाबरतो, रस्त्यावरच्या प्रत्येक कुत्र्याशी अदबीने बोलतो, हे सगळं तिला इथे, ह्या दोन खोल्यांत कळलं. वैताग वैताग झाला होता तिचा. आणि संध्याकाळी खालून सरपण घेऊन येताना जिन्यावर त्याची पावलं वाजली की... जाऊ दे. ह्या वयात हे कुणाला सांगायचं?

संध्याकाळी राजधानीतून, तिरानाच्या चर्च कार्यालयातून फोन आला. लारूचे हात कणकेत होते. ती बाहेर येईपर्यंत डेल्मर "येतो ना, उद्या सकाळीच निघतो" म्हणून मोकळासुद्धा झाला होता.

"कुठे निघतोस?"

"व्लोराला. तिथे सेवेला असलेल्या एका पोराचा जोडीदार पाय मोडून घरी गेला. दुसरा येईपर्यंत सोबत हवी. नियमच आहे ना."

"येईपर्यंत म्हणजे?"

"ईस्टरपर्यंत." तो कान खाजवू लागला. "तू व्हासिलिकाकडे राहा. तिला विचारतो मी."

"तिला विचारणार! आणि मला?"

"अगं, नाताळपासून तूच म्हणतेस, 'तासभर तरी एकटीला सोड.' मला वाटलं... खूश होशील."

तिने कणीक अशी आपटली की खालून व्हासिलिकाने छताला झाडू ठोकला. सांगायला तोंड उघडलं, आणि बाहेर काय पडावं? "लोकरीची बनियन घेऊन जा. तिथे समुद्राचा वारा असतो."

"भरतो," तो हळूच म्हणाला.

सकाळी स्टँडवर व्लोराची फुर्गोन उभी होती. बारक्या, धुरकट गाडीचा ड्रायव्हर बोनेटला टेकून सिगरेट ओढत होता. शेवटची जागा भरल्याशिवाय तो निघणार नव्हता. डेल्मरने खिडकीची जागा एका बाईला देऊन टाकली होती आणि गुडघे हनुवटीला लावून मागे बसला होता. लारू बाहेर, व्हासिलिका तिच्या शेजारी.

"त्याला थांब म्हण," व्हासिलिका पुटपुटली.

"कसं म्हणू? ते पोरगं तिथे एकटं आहे."

"मग रडू नकोस."

"रडतंय कोण? धूर आहे."

"सिगरेट तिकडे आहे, धूर इकडे कसा गं येतो?"

काचेआडून डेल्मरने हात हलवला. तेच हसू, ताडपत्रीखालचं. तिथून तो परतेल तो सामान बांधायलाच. मग विमान, मग ते अंगण, आणि पहाटे हातात बूट घेऊन उतरणारा एक सज्जन, अनोळखी माणूस. हे दोन आठवडेच काय ते तिच्या हातात उरले होते, आणि तेही ह्याने फोनवर देऊन टाकले होते. न विचारता!

"कुणी आहे का आणखी व्लोराला?" ड्रायव्हर ओरडला. "एकच जागा!"

"आहे," लारू म्हणाली.

व्हासिलिकाने तिच्याकडे पाहिलं, मग आपली शाल काढून तिच्या खांद्यावर टाकली. "जा. कपडे पाठवते उद्याच्या गाडीने."

चार जणांचे पाय तुडवत लारू मागे पोचली. "सरक."

"लारू? अगं... तिथे एकच खोली आहे. झोपशील कुठे?"

"स्वयंपाकघरात. एकट्याने राहू नये असा नियम आहे. तिघांनी राहू नये, असा कुठे लिहिलाय?"

"पण तुला तर जरा निवांतपणा—"

"गप्प बस, डेल्मर. आत्ता मला बोलू दे, नाहीतर राहूनच जाईल."

त्याला डाव्या कानाने कमी ऐकू यायचं आणि ती डावीकडेच बसली होती. त्यामुळे तिला मोठ्याने बोलावं लागलं, आणि अख्खी गाडी माना वळवून ऐकू लागली. भाषा कुणालाच कळत नव्हती, पण ड्रायव्हरनेसुद्धा किल्ली फिरवायची थांबवली.

"लग्न केलं तेव्हा तू बरा मुलगा होतास, एवढंच. सगळे म्हणाले चांगला आहे, मी हो म्हटलं. प्रेमात मी इथे पडले. इथे, कोर्चात, ह्या म्हातारपणी... तुझ्या! आणि घरी गेल्यावर मला न उठवता शेतावर निघून गेलास ना, तर याद राख."